घट धरून पन्नास ग्रॅम

आमची सून मेघा बाळंतपणाला माहेरी धुळ्याला गेली, ती नात तीन महिन्यांची झाली तरी तिकडेच. त्यांना आणायचा दिवस ठरला, तर विहीणबाईंनी फोनवर अट घातली, "गाडी गार व्हवू द्या, मंग पोर लई जा." मे महिन्यात तान्ह्या पोरीला तापलेल्या गाडीतून चोपड्याला आणू नये, हे मलाही कळतं. पण अट म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. पोर आमचीसुद्धा आहे!

गाडीच्या एसीची फुटकी नळी बदलून झाली होती, पण गॅस भरायला गॅरेजवाला आठ दिवसांनी या म्हणाला. आमच्या ह्यांना कुठला दम? नातीसाठी झोळी बांधून बसलेला माणूस. ऑनलाइन गॅसचा डबा आणि नळी मागवली. बॉनेटखाली साडेचारशे ग्रॅम लिहिलं होतं. डबा माझ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला, इंजिन चालू केलं आणि आकडा बघत गॅस सोडला. एसी लावला तर वारा कोमट, कपडे वाळवावेत असा.

"कितला भरा?" मी विचारलं.

"साडेचारशे. आन घट धरीसन पन्नास वर."

मी कपाळाला हात लावला. तीस वर्षं ह्यांनी केळीची खरेदी केली. माल वाटेत सुकतो, म्हणून प्रत्येक वजनाला थोडी घट धरायची, ही हाताची सवय.

शेवटी शेजारची नूतन मशीन घेऊन आली. ती एसी दुरुस्तीचं काम करते. "काका, बंद नळीत काय सुकणार? जास्त भरला की एसी गार करतच नाही," म्हणाली. तिने सगळा गॅस मशीनने ओढून घेतला आणि नेमका साडेचारशे भरला. दहा मिनिटांत मी पदर अंगाभोवती ओढून घेतला. हे लहान पोरासारखे हसत होते.

दुसऱ्या दिवशी धुळे. मेघा मागे बसली. विहीणबाई, म्हणजे ताईबाई, नातीला घेऊन तिच्या शेजारी बसल्या, एसी तपासायला. पाच मिनिटं झाली, दहा झाली.

"आजून तेवढी गार नही," त्या म्हणाल्या.

मला तर हुडहुडी भरली होती! चांगलं सुनावावं म्हणून मी मागे वळले. त्यांनी पोरीला दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं आणि तिच्या टाळूवर ओठ टेकले होते. अट एसीची नव्हतीच. इतके दिवस मला हे कळलं नाही, याची लाज वाटली.

ह्यांनी आरशात बघितलं. "इहीनबाई, सोनगीरलगून बसा. गार शे का नही, तठे सांगा."

ताईबाईंनी किलकिलं दार ओढून घेतलं आणि गाडी निघाली. वाटेवरचं सोनगीर आलं, मागे गेलं. कोणी विचारलं नाही, कोणी सांगितलं नाही.

चोपड्याला घरापुढे उतरल्यावर ताईबाईंनी आपण होऊन पोर ह्यांच्या हातात दिली. नेसत्या लुगड्यानिशी आलेल्या त्या बाईला मी माझं नवं पातळ काढून दिलं.