मोहावरची तार

नागपूरच्या परीक्षेत नीळकंठले वायरलेसचं लायसन भेटलं अन् श्रीकृष्णले मोर्सच्या लांब-आखूड टिकटिकीनं पाडलं. श्रीकृष्ण तेव्हाच जळला, पण आतल्या आत. कारण यवतमाळात नीळकंठ चारचौघांत सांगे का सेट माहा अन् तार याची. अँटेना टाकावी तं श्रीकृष्णनंच. तेवढीच एक जागा त्याची होती.

साठ सालच्या नोव्हेंबरात एका रविवारी दोघं बाभुळगावापुढच्या टेकडीवर गेले. संग मिलिटरीच्या भंगारातला सेट, मोटारची बॅटरी, अन् तांब्याच्या तारेचे तेहतीस तेहतीस फुटांचे दोन तुकडे. ते मोहाच्या दोन झाडांच्या मधात ताणायचे, मधातून सेटपर्यंत जोड आणायचा. श्रीकृष्णनं सुतळीले गोटा बांधून फेकला. चारदा फेकला, चारदा पडला. एकदा तं नीळकंठच्या पायापाशीच.

खालच्या वावरात तांड्यावरचा देवसिंग ज्वारी राखून राह्यला होता. त्यानं वर येऊन गोफण काढली, एकदाच फिरवली. सुतळी शेंड्यावरून पलीकडं. दुसऱ्या मोहावर बी तसंच.

"उस्ताद निघाला बे हा," नीळकंठ म्हणे.

चार वर्षं नीळकंठ श्रीकृष्णले उस्ताद म्हणत आलता.

श्रीकृष्ण तार जोडाले बसला. तोवर नीळकंठनं सेटले हातभर तार लावून देवसिंगच्या कानावर हेडफोन चढवले. कुठून तरी मोर्सची टिकटिक येत होती. देवसिंगनं डोये मिटले अन् मांडीवर बोट वाजवाले लागला. बरोबर वाजवे. म्हणे, "नगाऱ्यावानीच हाय भिया. थांबते कुठं, ते ध्यानात ठेवा लागते, बस."

नेमकं थांबते कुठं तेच श्रीकृष्णले आठ महिने कळलं नव्हतं.

नीळकंठ खुश झाला. पुढच्या महिन्यात झरी जामणीच्या जंगलात सेट न्यायचा होता. फारेष्टच्या जीपमधी दोघांचीच जागा. नीळकंठनं देवसिंगले इचारलं, येतं का म्हणून. श्रीकृष्णकडं पाह्यलं बी नाही.

या तारेवर वार्निश असते. पात्यानं खरवडून तांबं चमकलं का मंगच पीळ द्यायचा, नाही तं वीज पुढं जातच नाही. श्रीकृष्णनं खरवडलं नाही. तसाच पीळ देला, वरून पट्टी गुंडाळली. सेट नाही चालला तं आळ गोफणवाल्यावरच येईन, त्याले वाटलं.

तार वर गेली. नीळकंठनं सेटवरून घंटाभर हाका मारल्या. कोणाचंच उत्तर नाही. त्याले वाटलं, ताणताना वर तुटली असंन.

"माह्याच हातानं झालं असंन," देवसिंग म्हणे. वहाणा काढून मोहावर चढाले लागला. वरच्या फांद्या वाळलेल्या. श्रीकृष्ण खालून पाहत राह्यला. देवसिंग दोन पुरुष उंचीवर गेला तवा श्रीकृष्णच्यानं राहवलं नाही.

"उतर बे. तार नाही तुटली. म्या वार्निश नाही खरवडलं."

"इसरला का?" नीळकंठनं इचारलं.

हाव म्हटलं असतं तं सुटला असता.

"नाही."

नीळकंठनं सुतळी ढिली करून तार खाली घेतली, पातं श्रीकृष्णच्या हातात ठेवलं.

"याले दाखव आता. झरीले यालेच करा लागन."

श्रीकृष्णनं एक टोक खरवडून दाखवलं. देवसिंगनं बाकीचे खरवडले, श्रीकृष्णच्या तोंडापुढं धरले.

"असं ना भाऊ?"

श्रीकृष्णनं एकेक टोक उन्हात फिरवून पाह्यलं. कुठं तरी वार्निशचा एक ठिपका राह्यला असता तं बरं, असं त्याले लय वाटलं. कुठंच नव्हता.