टीव्हीत आलेले महादेवराव

चांदूर बाजारात पंचफुलाबाईच्या घरी पाय ठेवायला जागा नव्हती. तिचे वारलेले सासरे महादेवराव टीव्हीत येणार होते! मीही गेलो. फुकटचा तमाशा कोण सोडतो?

"हा मोबाइल पाहा," आत्मे बोलावणाऱ्या गजेंद्र महाराजांनी फोन उंच धरला. "याच्यात फक्त ज्योत हाय. टीव्हीले तार दिसते? नाय! आत्म्याले केबल लागत नसते, भक्तहो!"

अन् खरंच, फोनवर ज्योत, टीव्हीवर महादेवराव! भिंतीवरच्या फोटोतलेच, तीच टोपी, पण ओठ हलवणारे. बाया टीव्हीच्या पाया पडू लागल्या. पंचफुलाबाईने झटकन डोक्यावर पदर घेतला.

"बेटा पंचफुला, शेवंतीचं वावर महाराजांच्या मठाले देऊन टाक," टीव्हीतले महादेवराव बोलले.

बाई ढसाढसा रडली. त्या शेतातल्या फुलांवरच तिचं घर चालतं. पण सासऱ्याचा शब्द मोडायचा कसा? "देतो, मामाजी," ती म्हणाली. माझं तर डोकंच फिरलं.

तेवढ्यात कुणाचा तरी फोन वाजला. बाई खवळली. "मामाजी बोलून राहिले अन् फोन? त्यायले जिवंतपणीबी खपत नव्हतं! बंद करा सारे! महाराज, तुमीबी!"

"माहा फोन कावून?" महाराज गडबडले. पण बाईची भाची रागिणी शेजारीच होती. ती अमरावतीला मोबाइलची अ‍ॅप बनवते. तिने महाराजांचा फोन हिसकावला नि बंद केला.

महादेवराव अर्ध्या शब्दावर गायब! टीव्हीवर अक्षरं आली: 'फोन जोडलेला नाही'.

"पितर कोपले!" महाराज किंचाळले.

"थांबा, मी समजूत काढतो." रागिणीने भिंतीवरच्या फोटोचा फोटो काढला, थोडी खटपट केली आणि आपला फोन सगळ्यांना दाखवला. त्यात मांजर. टीव्हीवर मात्र महादेवराव कडाडले, "गजेंद्र, उद्या सकायी शेवंती निंदायले ये!"

लोक हसून हसून लोळले.

"मावशी, फोनमधून टीव्हीवर चित्र बिनतारी जाते," रागिणी म्हणाली. "आपल्याले वाटते, जे फोनवर तेच टीव्हीवर. पण अ‍ॅप बनवणारा टीव्हीले वेगळा पडदा धरून तिथं दुसरंच चित्र धाडू शकतो. इथं ज्योत, तिथं तुमचे मामाजी. फोटोचे ओठ हलवून त्याले बोलतं करणारं अ‍ॅप तर शेंबडं पोरगंबी वापरते."

"मले तवाच समजायले पायजे होतं," बाई चिडून म्हणाली. "मामाजी जन्मात मले बेटा म्हणले नाईत!"

महाराज चपला न घालताच पळाले.

"टीव्हीत कोणीबी दिसो," रागिणी म्हणाली, "हात जोडायच्या आधी इचारा, हे पाठवून कोण राहिलं?"

"इचारतो ना," पंचफुलाबाई डोळे पुसत म्हणाली. "अन् उद्या खरे मामाजी आले, तरी वावर देत नाय!"