मलमाच्या डबीवरचा तोतया

मित्रांनो, मी एक जुना फॉन्ट आहे. म्हणजे संगणकातला अक्षरांचा एक संच. नवं काही दिसलं की आधी संशय घ्यायचा, हा माझा स्वभाव. हकिगत ऐकलीत तर तुम्ही मला नावं ठेवणार नाही.

पाट्या रंगवणाऱ्या एका काकांच्या ब्रशाची वळणं पाहून डिझायनरताईंनी मला घडवलं. पोटं गुबगुबीत, शेपट्या आखूड. भाजल्यावर लावायच्या एका मलमाच्या डबीवर मी वर्षानुवर्षं राबलो. ज्यांना वाचता येत नसे, तीही माणसं माझ्या तोंडवळ्यावरून डबी ओळखत. "ते गुबगुबीत अक्षरांचं द्या," म्हणत. केवढा अभिमान वाटे मला!

मग ताईंकडे नवं सॉफ्टवेअर आलं. माझी फाईल पडली जुन्या पद्धतीची. त्याने मला दारातच अडवलं आणि माझ्या जागी एक तोतया बसवला. लांबून हुबेहूब मी. जवळून पाहाल तर पोट सपाट. ताईंना पत्ताच नाही. डब्या छापल्या, बाजारात गेल्या आणि औषधांच्या दुकानांतून तशाच परत आल्या. दुकानदारांचा निरोप आला, "माल नकली आहे म्हणतात. गिऱ्हाईक हात लावत नाही."

मलमाचा कारखाना वहिनींचा, मलम भरणं आणि गोदाम त्यांच्या दिराकडे.

"भाऊजी, आपल्या गोदामातून नकली माल जातोच कसा?"

"वहिनी, माझ्या देखत भरलाय. अस्सल आहे."

"मग डबी काय खोटं बोलते? उद्यापासून येऊ नका."

टेबलावरच्या जुन्या डबीवरून मी सगळं ऐकत होतो. ओरडून सांगावं, तर अक्षरांना आवाज कुठला!

दीर तडक ताईंकडे. "नकली डब्या तुम्हीच छापून विकता का हो?"

"जिभेला काही हाड? बसा, फाईलच दाखवते."

फाईल उघडताच पडद्यावर एक चौकट आली. ताईंचं बोट सवयीने 'ठीक आहे'वर गेलं, चौकट गायब.

"ते काय विचारत होतं?"

"काही नाही हो, रोजच विचारतं."

"आणि तुम्ही रोजच हो म्हणता? परत उघडा बघू."

चौकटीत लिहिलं होतं: मूळ फॉन्ट चालत नाही, त्याच्या जागी दुसरा वापरला आहे. ताईंनी कपाळाला हात लावला.

मग त्यांनी एकेक वळण जुन्या डबीशी ताडून मला नव्या पद्धतीच्या फाईलीत बसवलं. डब्या पुन्हा छापल्या, खपूही लागल्या. वहिनी स्वतः दिराच्या घरी गेल्या. "चुकलंच माझं, भाऊजी. चला." ते आले. पण आता खोका बंद करण्याआधी दर वेळी हाक मारतात, "वहिनी, बघून घ्या." वहिनी मान खाली घालून म्हणतात, "नको हो." तरी ते थांबूनच राहतात.

म्हणून विनवतो, मित्रांनो, जुने फॉन्ट वेळीच नव्या पद्धतीत आणा. यंत्राने काही विचारलं तर वाचून मगच हो म्हणा. संशय यंत्रावर घ्या, हवा तर माझ्यावरही घ्या. पण त्या साऱ्या गोंधळात परत आलेली एकही डबी कोणी उघडून पाहिली नव्हती. आत मलम अस्सलच होतं.