उलटी टांगलेली काच

प्रयोगशाळेत तिला सगळे वहिनीच म्हणायचे. सतरा वर्षं घर सांभाळून, लेक कॉलेजात गेल्यावर ती पुन्हा शिकायला आली होती. बरोबरची मुलं निम्म्या वयाची. त्या हाकेत माया किती आणि चेष्टा किती, याच्या खोलात ती कधी शिरली नाही.

तिचं काम सांगायला सोपं होतं. काचेवर केसाच्या शंभराव्या हिश्श्याहून पातळ थर एकावर एक चढवायचे आणि आरपार दिसणारी बॅटरी बनवायची. कोपऱ्यात उजेड ओळखणाऱ्या थराचा एक चौकोन. ऊन गेलं की काचेनं आपलं आपण ओळखावं आणि साठवलेल्या विजेवर दिवा लावावा. पण थरात कुठंतरी सुईच्या टोकाहून बारीक भोक राहायचं, वरचा थर खालच्याला भिडायचा आणि सगळं मुसळ केरात. अशा एकेचाळीस काचा गेल्या.

"थराचा पदार्थच बदलू या," सर म्हणाले. माणूस भला, पण थकलेला. "हा नासका आहे."

पदार्थ बदलायचा म्हणजे दोन वर्षांवर पाणी. "सर, पंधरा दिवस द्या. भोकं नेमकी कुठं पडतात ते बघते."

घरी थोरल्या नणंदेकडे भरतकामाची नक्षी उतरवायचा पातळ कागद होता. जीभ कात्रीसारखी, हात मात्र सढळ.

"वन्सं, थोडा कागद हवाय. भोकं उतरवायचीत."

"मी जन्मभर फुलं उतरवली. तू एवढं शिकून भोकं उतरव!" असं म्हणत वन्संनी अख्खी गुंडाळी पुढ्यात टाकली.

एकेक काच भिंगाखाली धरून तिनं प्रत्येक भोकाचा ठिपका कागदावर मांडला. मग सगळे कागद एकावर एक ठेवून खिडकीशी धरले आणि बघतच राहिली. पदार्थ नासका असता तर ठिपके कुठंही विखुरले असते. हे तर एकाच कडेला दाटीवाटीनं बसले होते. एकेचाळीसच्या एकेचाळीस कागदांवर तीच कड.

ती तडक थर चढवणाऱ्या यंत्राच्या मिस्त्रींकडे गेली. त्यांनी झाकण उघडलं आणि आत टॉर्च मारला. छताच्या त्याच बाजूला जुन्या थरांची पापुद्रेदार खपली धरली होती.

"वहिनी, यंत्राला कोंडा झालाय!"

तो कोंडाच खाली काचेवर पडत होता. थर त्याच्यावर बसायचा, मग कण निसटायचा आणि मागं भोक राहायचं. मिस्त्रींनी छत खरवडून काढलं, पण चार काचांनंतर पुन्हा तेच.

"कोंडा खालीच पडणार ना? मग काच वर टांगू," ती म्हणाली. "तोंड खाली करून."

"आणि पदार्थ?"

"खालून वर उडवायचा."

"म्हणजे अख्खं यंत्र उलटं करायचं म्हणताय."

"हो."

मिस्त्रींनी डोकं खाजवलं, मग बाह्या सरसावल्या. "करू. नाहीतरी सरळ राहून त्यानं काय दिवे लावलेत?"

अकरा दिवस दोघं त्या यंत्राशी झटले. बाराव्या दिवशी निघालेल्या काचेवर तिला एकही भोक सापडेना. भिंगच मळलंय असं वाटून तिनं ते दोनदा पुसलं. मग तारा जोडल्या. वीज भरली, टिकली, दुसऱ्या दिवशीही तेवढीच. पुढच्या सहाही काचा तशाच निघाल्या.

तोंडी परीक्षेला आलेल्या परीक्षकांच्या समितीच्या अध्यक्षबाई करड्या म्हणून प्रसिद्ध होत्या. दहा मिनिटं ऐकून घेऊन त्यांनी टेबलावर नजर फिरवली, वाकून खालीही पाहिलं. "सगळं ठीक आहे, पण बॅटरी कुठाय?"

"मॅडम, मघापासून तुम्ही माझ्याकडे तिच्यातूनच बघताय."

दोघींच्या मधोमध चौकटीत ती काच उभी होती. खोलीत हशा पिकला. तिनं कोपऱ्यातल्या चौकोनावर हाताची सावली धरली. दिवा लागला. हात काढला, विझला. अध्यक्षबाई उठून आल्या आणि स्वतः सावली धरून बघू लागल्या. एकदा, दोनदा, सातदा. करडेपणा कुठल्या कुठे पळाला.

"यंत्र उलटं करायची अक्कल कुणाची?"

सर ताडकन उभे राहिले. "वहिनींची! आणि पदार्थ नासका आहे म्हणणारा शहाणा मी."

"डोकं माझं, पण हात यांचे," ती म्हणाली आणि दाराआड उभ्या मिस्त्रींना हाताला धरून आत घेऊन आली. टाळ्या बराच वेळ थांबल्या नाहीत. मागच्या बाकावरची पोरं तर चक्क शिट्ट्या मारत होती.

बाहेर येऊन तिनं घरी फोन लावला.

"झालीस ना पास?" वन्संनी विचारलं. "मग रडतेस कशाला?"

"रडत नाहीये हो वन्सं, हसतेय!"

"मेलं, दोन्हीला तुझा आवाज एकच," वन्सं म्हणाल्या, आणि पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.