चार बोटं उजेड

“तीन दिवस,” मुलगा म्हणाला आणि त्यानं माशाच्या टाकीभोवती दोरीची गाठ आवळली. “आबा, तीन दिवस हे पांघरूण हलता कामा नये. उजेड नाही, खाणं नाही. मंगळवारी सकाळी आठ वाजता मी स्वतः उघडणार. शेवाळं मेलेलं असलं तर टाकी राहील. नसलं, किंवा मधे कुणी हात लावलेला दिसला, तर दुपारी दुकानवाला टाकी न्यायला टेम्पो घेऊन येतोय. त्याला सांगून ठेवलंय मी.”

आबा आपल्या उजव्या हाताच्या प्लास्टरकडे बघत राहिले. महिन्यापूर्वी टाकीची काच घासायला ते स्टुलावर चढले, सांडलेल्या खाऱ्या पाण्यावर पाय घसरला आणि मनगट मोडून बसले. मुलगा लिफ्ट तपासण्याच्या नोकरीत. दिवसभर लोकांच्या जिवाची काळजी वाहणारा माणूस, घरी येऊन बघतो तर बाप जमिनीवर. त्या दिवसापासून त्याचं एकच पालुपद: “आज मनगट गेलं, उद्या खुबा जाईल. एका माशापायी?”

मासा एकच उरला होता, पण सतरा वर्षांचा होता. नारिंगी अंग, त्यावर पांढरे पट्टे, बोटाएवढा जीव. आपल्या दगडाजवळ कुणाचा हात आला की धावून जायचा, म्हणून आबांनी त्याचं नाव ठेवलं होतं मुकादम. उभा जन्म वजनकाटे दुरुस्त करण्यात घालवून आबा मुलाकडे राहायला आले, तेव्हा बरोबर दोन बॅगा आणि ही चार फुटी टाकी, एवढंच सामान होतं. सकाळी खुर्ची ओढून ते टाकीपुढे बसत, भजनाची एखादी ओळ गुणगुणत, आणि मुकादम काचेला नाक लावून समोर थांबे. श्रोता असा की मधे उठून जात नाही, जांभई देत नाही, आणि सूर चुकला तरी कुणाला सांगत नाही.

पण वर्षभरात शेवाळं माजलं होतं. हिरवं, केसाळ, दगडावर दाढी वाढावी तसं. घासलं की आठ दिवसांत पुन्हा हजर. लाटा उठवणारा पंपही त्यानं गळा धरून बंद पाडला होता. शेवटी सूनबाई माशांच्या दुकानवाल्याला घरी घेऊन आली. तिनंच नवऱ्याशी भांडून टाकीसाठी ही एक संधी मिळवली होती.

“खायला किती वेळा घालता?” दुकानवाल्यानं विचारलं होतं.

“एकदाच. सकाळी,” आबा म्हणाले.

सूनबाईनं ओठ चावला. “मीही एकदाच. दवाखान्यातली ड्यूटी संपवून आले की. मला वाटलं, आबांचा हात असा…”

दुकानवाला हसला. “मासा खातो ते त्याच्या पोटापुरतं. उरलेलं कुजतं आणि त्यावर शेवाळं पोसतं. काका, तुम्ही मासा नाही, शेवाळं पाळलंय! आता तीन दिवस मिट्ट काळोख करा. पण एक सांगतो, पक्कं ध्यानात ठेवा. शेवाळं मरताना पाण्यातली हवा ओढून घेतं. तुमचा मोठा पंप बंद आहे. सगळी भिस्त या हवेच्या नळीवर. ती बंद पडली की मासा गेला.”

शनिवारी सकाळी गाठ बसली. दुपारपर्यंत आबांनी कसाबसा तग धरला. मग सूनबाई कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली तशी ते उठले. डाव्या हातानं पांघरुणाचा डावा कोपरा सरकवला. जास्त नाही, चार बोटं. आत काळंभोर. “मुकादमा,” ते पुटपुटले, “बाबा रे, मी आहे हो इथंच.” आणि एक चिमूट खाणं सोडलं. माणसाचं प्रेम आंधळं असतं म्हणतात. पण ते बहिरंही असतं, कालच सांगितलेलं त्याला ऐकू येत नाही. काळोखात मासा खात नाही. दाणे तळाशी जाऊन बसले.

रविवारी सगळे घरात, तरी दोन वेळा संधी साधली. सोमवारी तीन वेळा.

सोमवारी संध्याकाळी मुलगा घरी आला, बूट काढताना थांबला, टाकीकडे गेला. गाठ दोन इंच सरकली होती. ज्याचा पगारच सैल झालेला बोल्ट ओळखण्याचा, त्याच्या नजरेतून ते सुटणार होतं थोडंच! तो आबांकडे वळून बघेल, काही विचारेल, असं सूनबाईला वाटलं. पण त्यानं दोरी सोडली, कचकन ओढली आणि दुहेरी गाठ मारली. जेवताना तिघांत मिळून चार शब्द झाले, त्यातले दोन ‘मीठ दे’ होते.

मंगळवारी पहाट सरता सरता आबांना जाग आली. हॉलमध्ये आले आणि जागीच थबकले. काहीतरी कमी होतं. क्षणभरानं कळलं, बुडबुडे! तीन दिवस अंधारातून येणारा तो बुडबुड आवाज नव्हता. हवेचा छोटा पंप घरघरत होता, पण पाणी गप्प.

त्यांनी डावा कोपरा ओढला. दुहेरी गाठीनं आवळलेल्या दोरीनं दाद दिली नाही. नख मोडलं. मग दात लावले. चार बोटं फट झाली तेव्हा नाकात कुजका वास शिरला. मुकादम पाण्याच्या अगदी वर, आडवा होऊन तरंगत होता. तोंड उघडत होता, मिटत होता, उघडत होता. कल्ले धडधडत होते.

साडेसहा वाजले होते. मुलगा आठला उघडणार. दीड तास. तोवर काय उरणार होतं? आणि आत्ता हाक मारली तर पहिला प्रश्न हाच येणार: तुम्हाला कसं दिसलं? म्हणजे टाकी गेली. गप्प बसावं, तर मुकादम गेला आणि कदाचित आरोप येणार नाही. देव परीक्षा घेतो तेव्हा प्रश्न फार सोपा काढतो. उत्तर लिहायला मात्र हात धजत नाही. आबांचा हात पांघरुणावर तसाच राहिला. आत ते तोंड पुन्हा उघडलं, मिटलं.

“दादा!” आबा ओरडले. आवाज फाटला. “अरे दादा, ऊठ! मी पांघरूण उघडलंय. मीच उघडलंय. तीन दिवस उघडतोय. खायलाही घातलंय. तू टाकी ने, कुठं न्यायची तिथं ने, पण आधी ये, तो मरतोय रे!”

मुलगा धावत आला. सूनबाई मागोमाग, केस मोकळे. त्यानं स्वयंपाकघरातली कात्री आणून दोरी कापली, पांघरूण खेचलं. आणि त्याची नजर टाकीच्या उजव्या कडेला गेली. हवेची नळी दोरीखाली चेपून चपटी झाली होती. दुहेरी गाठीखाली. त्यानं स्वतः मारलेल्या.

नळी मोकळी केली, पण तिची घडी उलगडेना. बुडबुडा एखाद-दुसराच.

“पाणी उंचावरून ओता!” सूनबाई म्हणाली. “हवा मिसळायला हवी. अहो, बघताय काय, तांब्या घ्या!”

त्यानं बाही सरकवली. टाकीतलं पाणी तांब्यात घ्यायचं, हात डोक्याच्या वर न्यायचा, ओतायचं. पुन्हा. सूनबाईनं दवाखान्यातली बारीक पकड पर्समधून काढली आणि नळीची चेपलेली जागा कात्रीनं कापून, एक टोक पकडीनं रुंद करून दुसऱ्यावर बसवायला लागली. आबा तळाशी साचलेलं खाणं पाइपनं बादलीत ओढत होते, एकाच हातानं. जमिनीवर पाणी झालं. मुलानं पायानंच त्यावर पांघरूण लोटलं.

“आबा, पाय जपून.”

“तू ओत.”

दहा मिनिटं. वीस. त्यानं तांब्या दुसऱ्या हातात घेतला.

“रोज सकाळी,” तो ओतता ओतता म्हणाला, टाकीकडेच बघत, “कामाला निघताना मीही घालायचो. एक चिमूट. मला वाटायचं, तुम्ही दोघं विसरत असाल.”

सूनबाईचे हात थांबले. “तुम्ही? टाकीच्या नावानं बोटं मोडणारे तुम्ही?”

“म्हणजे रोजची तीन जेवणं,” आबा म्हणाले. “सतरा वर्षं टिकला हेच नवल.”

नळी जुळली. बुडबुडे सुटले. मुकादम अजून वरच होता, पण सरळ झाला होता. कल्ल्यांची घाई जरा उतरली. मग तो हळूच एक वीत खाली गेला आणि आपल्या दगडाकडे तोंड करून राहिला.

आता कुठे तिघांनी टाकी नीट पाहिली. शेवाळं करडं, मलूल होऊन दगडांवरून सुटत होतं. फक्त डाव्या काचेला चार बोटं रुंदीचा एक पट्टा वरपासून खालपर्यंत हिरवागार होता. मुलानं त्या पट्ट्यावर बोट ठेवलं. आबांनी मान खाली घातली.

“तुझा नियम होता,” ते म्हणाले. “मी मोडला. टेम्पो येऊ दे. माझं काही म्हणणं नाही.”

मुलानं तांब्या खाली ठेवला. मग त्यानं दुकानवाल्याला फोन लावला. “टेम्पो नको. तयार खारं पाणी पाठवा, दोन कॅन. आणि मोठ्या पंपाचं काय करायचं तेही बघा.” फोन ठेवून त्यानं खाण्याची डबी उचलली आणि सूनबाईच्या हातात दिली. “ही हिच्याकडे. आठवड्यातून चार दिवस, एक चिमूट. आबा, स्टुलावर तुम्ही चढायचं नाही. काच मी घासणार. आणि मी डबी मागितली तर मलाही देऊ नका.”

“आणि मी मागितली तर?” आबांनी विचारलं.

“तुम्हाला तर मुळीच नाही.”

आठ वाजत आले. त्याचा फोन वाजला, ऑफिस होतं. “नाही, आज येत नाही. घरात तब्येत बरी नाही एकाची… नाही, वडिलांची नाही. वडील ठणठणीत आहेत.” त्यानं टाकीकडे पाहिलं. “आहे एक घरातलंच. श्वासाचा त्रास. हो, वय झालंय.”

सूनबाईनं तोंडावर पदर दाबला. त्यानं फोन खिशात टाकला, तांब्या पुन्हा भरला आणि आबांना म्हणाला, “खुर्ची घेऊन इथं बसा. बुडबुडे थांबले तर ताबडतोब हाक मारा.”