आधी मला ऐका, मग आत जा

मी एक पहार. सोनं काढणाऱ्यांच्या हातात वीस वर्षं काढली, पण अंगाला सोन्याचा कण लागला असेल तर शपथ! माझं काम वेगळं. दक्षिण आफ्रिकेतल्या वेल्कम गावच्या खाणीत, जमिनीखाली दोन किलोमीटर, पाळीच्या सुरुवातीला टोळीचा म्होरक्या मोलेफी मला छतावर ठोकायचा आणि कान द्यायचा. ‘ठण्ण’ वाजलं की टोळीला म्हणायचा, “चला आत!” बद्द वाजलं, तर तो सुटा दगड आधी माझ्या टोकानं पाडायचा. त्याच्या टोळीतला एकही माणूस दगडाखाली गेला नाही. याचा मला गर्व आहे आणि मी तो लपवत नाही.

मग सोनं आणखी खोल गेलं, काढणं परवडेना आणि खाण बंद करायचं ठरलं. कामावरून कमी केलेल्यांना नवा धंदा शिकवणार होते : शिवण, गवंडीकाम, नाहीतर कोंबड्या. मोलेफीनं कोंबड्या म्हटलं, तर त्याच्या गावच्या चौघांनीही कोंबड्याच म्हटलं. खाणीत एकानं पाऊल उचललं की बाकीच्यांनी उचलायचं, ही सवय हाडात मुरलेली!

शेवटच्या दिवशी त्यानं मला मागून घेतलं. मुकादम म्हणाला, “ने बाबा. भंगारात जाण्यापेक्षा तुझ्या खांद्यावर बरी.”

शेजारच्या लेसोथो देशात, डोंगरातल्या त्याच्या एवढ्याशा गावात आता पाच खुराडी झाली. अंडी विकायची कुणाला? मोलेफी दिवसभर भिंतीला टेकून बसे. बसून खाणं त्याच्या जिवाला लागलं होतं. कुठंही गेला तरी आधी मला छताला लावायचा. चर्चमध्येसुद्धा! बायको, मामोतेना, लाजेनं अर्धी व्हायची. “अहो, देवाच्या घराचं छप्पर आहे ते. पाडता का आता?”

एकदा तो अंडी घेऊन म्हाताऱ्या रामोखेलेच्या दगडखाणीवर गेला. गावच्या नव्या शाळेच्या दारावर आडवी घालायची शिळा तिथं तयार होती. आधीच्या दोन तडकल्या होत्या. मोलेफीनं सवयीनं मला तिच्यावर ठोकलं.

बद्द.

“बाबा, ही दारावर चढवू नका.”

“कोंबडीवाल्या, अंडी ठेव अन् वाटेला लाग! चाळीस वर्षं दगड फोडतोय मी.”

“फोडताय, पण ऐकत नाही.”

म्हातारा पेटला. त्यानं गड्यांना शिळा दोन ठोकळ्यांवर ठेवून वर भार टाकायला लावला. पाणी पिऊन होतंय तोवर तिचे दोन तुकडे! म्हाताऱ्यानं दोन्ही तुकडे उलटून पाहिले. मग म्हणाला, “उद्यापासून ये. कोंबड्या आणू नकोस.”

दुसऱ्या दिवशी मोलेफीच्या मागं ते चौघंही हजर. रामोखेलेनं कपाळावर हात मारला आणि त्यातले दोघं ठेवून घेतले. उरलेल्या दोघांची अंडी आता दगडखाणीवरच खपतात.

आता माझं टोक झिजलंय, अंगावर गंज आहे. पण उन्हात काम करते, आणखी काय हवं? पुढं कुणाच्या हाती गेले तर एवढंच करा, घाईत असलात तरी आधी मला ऐका.

परवा शाळा उघडली. दारावर नवी शिळा, बाहेर पोरांची रांग. मोलेफी मला घेऊन पुढं झाला. आज मामोतेना लाजली नाही, उलट पोरांना म्हणाली, “गप्प रे! त्यांना ऐकू दे.”

ठण्ण!

मोलेफी बाजूला झाला आणि म्हणाला, “चला आत!”