दाजींच्या आजोबांचा शोध

माझे दाजी गिल्बर्ट थ्रप मेंढीच्या चरबीच्या मेणबत्त्या करतात. आमच्या हेरफर्डमध्ये त्यांचं घर आंधळ्यालाही सापडतं, नाक असलं की झालं. अशा माणसाला त्या उन्हाळ्यात कुलवंत व्हायचं होतं.

कारण माझी भाची, थॉमसिन. तिचं जमीनदार वेल्डनच्या मुलावर, रोलंडवर, प्रेम बसलं होतं आणि वेल्डन म्हणाला होता, "घराणं दाखवा, मग मुलगा देतो." त्यातच वंशावळी तपासणारा राजाचा अधिकारी गावात यायचा होता. जो स्वतःला कुलवंत म्हणवतो पण ज्याचं कूळ ठरत नाही त्याच्या नावाने भरबाजारात दवंडी पिटतात, की हा इसम खानदानी नाही. दाजींची झोप उडाली.

म्हणून आम्ही दोघं त्यांच्या आजोबांच्या गावी गेलो. आजोबा लढाईत पडलेले सरदार होते हे दाजींनी वाटेतच ठरवून टाकलं. गावात प्रॉसर नावाची म्हातारी भेटली. सफरचंदाची दारू पोटात गेल्यावर ती बोलायला लागली.

"तुझा आजा होय? पापखाऊ होता तो."

दाजींचा चेहरा पडला. आमच्याकडे कुणी मेलं की प्रेतावरून भाकर आणि बिअर एका दरिद्री माणसाला देतात. तो खातो, मेलेल्याची पापं त्याच्या माथी जातात आणि लोक त्याला हाकलून देतात. जेवायला घालून हाकलतात, एवढीच काय ती माणुसकी.

"थोरला वेल्डन गेला तेव्हा एक भाकर पुरली नाही," म्हातारी म्हणाली. "दुसरी मागवली."

दाजी घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडले. थॉमसिनने माझ्याकडून सगळं काढून घेतलं आणि म्हणाली, "मामा, चला."

वेल्डनच्या दिवाणखान्यात त्याची म्हातारी आई शेगडीपाशी बसली होती. थॉमसिनने आढेवेढे न घेता सांगून टाकलं.

"पापखाऊची पणती?" वेल्डन हसला. "आणि या घरात यायचंय?"

"साहेब, तुमच्या वडिलांची पापं माझ्या पणजोबांनी खाल्ली. ती आमच्याकडेच आहेत. सोयरीक नको असेल तर तुमची ठेव घेऊन जा. दवंडीच्या दिवशी बाजारात मोजून देते."

वेल्डनचं हसू मावळलं. "काय मोजून देणार तू?"

"जे खाल्लं ते सगळं."

तो हळूच म्हणाला, "विहिरीचंसुद्धा?"

"ते तर सगळ्यात आधी."

मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. मग म्हातारी शेगडीकडे बघतच बोलली, "लग्न लावून टाक रे. निदान घरातलं घरात राहील."

दवंडी पिटली गेलीच. दाजी खानदानी नाहीत हे अख्ख्या बाजाराने ऐकलं. पण तोवर त्यांनी लग्नासाठी बोकड ठरवला होता, त्यामुळे त्यांना फारसं लागलं नाही.

मला मात्र चैन नव्हतं. त्या दिवशी वेल्डनकडून परतताना मी विचारलं होतं, "थॉमसिन, विहिरीचं काय गं?"

"मला काय माहीत, मामा," ती म्हणाली. "सासरी गेले की कळेल."